दोन ऑपरेशनं आणि आठ अमर

गाठ आटली होती. डॉक्टर वेईंनी दोन फोटो शेजारी-शेजारी लावले, एक हिवाळ्यातला आणि एक आत्ताचा, आणि पेनाचं टोक टेकवून दाखवलं. असल्या राखाडी फोटोंत मला एरवी ढगांपलीकडे काही दिसत नाही, पण हे दिसलं. लीचीएवढं होतं ते शेंगदाण्याएवढं उरलं होतं.

"म्हणजे आता आपल्याला निवडता येईल," डॉक्टर म्हणाल्या.

हिवाळ्यात याच खोलीत याच बाईंनी सांगितलं होतं की गाठ अगदी खाली आहे, शौचाची जागा आवळून धरणाऱ्या स्नायूला चिकटून. त्यामुळे सगळंच काढावं लागेल, आणि पोटावर कायमची पिशवी येईल. आम्ही मान डोलावून घरी आलो होतो. एकच रस्ता असला की माणूस निमूट चालतो. मग किरणं झाली, गोळ्या झाल्या, माझ्या नवऱ्याच्या तोंडाची चव गेली, आणि आता अचानक दोन रस्ते. मला खुर्चीत बसवेना.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. पहिलं ऑपरेशन म्हणजे आधी ठरलं होतं तेच. गुदाशय, गुदद्वार सगळं काढायचं, खालची जागा शिवून टाकायची, आणि आतड्याचं तोंड पोटावर आणायचं. कायमचं. दुसऱ्यात स्नायूचा आतला पदर तेवढा सोलून काढायचा, बाहेरचा ठेवायचा, आणि वरचं आतडं खाली आणून तिथे जोडायचं. काही महिने पिशवी, मग तीही बंद. सगळं मूळ जागी.

"मग दुसरंच," मी म्हणाले.

"थांबा. मूळ जागी म्हणजे मूळ स्थितीत नव्हे. मळ साठवायची आतली जागा काढलेली असते, दार अर्धं उरलेलं. पहिलं वर्ष, कधी दोन वर्षं, दिवसातून अनेकदा जावं लागतं. आलं की आलंच, थांबवता येत नाही. कधी सकाळभर शांत, तर कधी पाठोपाठ. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं. काहींचं थोडंफार राहतं."

"आणि कॅन्सर?" अ-बिंगने विचारलं. अ-बिंग म्हणजे माझा नवरा. त्या खोलीत तो बोलला ते एवढंच.

"तुमच्या बाबतीत दोन्हींत सारखंच. म्हणूनच विचारते आहे. एक बरं असतं तर मीच सांगितलं असतं. पुढच्या आठवड्यात या, लिआव मास्तर, तोवर ठरवा."

बाहेर पिशवीच्या कामातल्या सिस्टर फान यांनी आमच्या हातात एक खोकं ठेवलं. आत रिकाम्या पिशव्या. "चिकटवून बघा. आत पातळ पेज भरा आणि दोन दिवस वावरा. मग भीती खरी किती आणि ऐकीव किती ते कळतं." त्यांनी त्याच्या पोटावर डावीकडे, बेंबीच्या खाली, एक गोल कागदही चिकटवला: साधारण इथे येईल म्हणून.

घरी येताना ट्रक मी चालवत होते. आमच्या ट्रकवर मागे 'लिआव बाहुली मंडळ' असं सोनेरी अक्षरात आहे, त्यातली दोन अक्षरं पडलीत. अ-बिंग हातात घालायच्या बाहुल्यांचा खेळ करतो. उभं राहून, दोन हात वर, समोर कोरीव रंगमंच, आणि सगळ्या पात्रांचे आवाज एकट्याचे. झांजा, ढोल, घंटा माझ्याकडे. गावोगावच्या देवांचे वाढदिवस असतात, तिथे आमचं बोलावणं असतं. आता बहुतेक ठिकाणी लायटिंगचे मोठे ट्रक येतात, आवाजाची सीडी लावतात. आमच्या गावच्या पाओशंग देवाने मात्र अजून आम्हाला सोडलेलं नाही. तो वैद्यांचा देव. त्याच्या वाढदिवसाला सुरुवातीचा खेळ असतो. आठ अमर, म्हणजे आमच्याकडचे आठ चिरंजीव सिद्ध, एकेक करून येतात आणि आशीर्वाद देतात. तो माणसांसाठी नसतो, देवासाठी असतो, आणि मध्ये तुटला तर पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. यंदा अ-बिंग किरणं घेत होता, म्हणून तो लायटिंगवाल्या ट्रकने केला. देवळाच्या मंडळाने 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं. त्या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघांना कळत होता.

"तुला चालेल का?" शीलुओचा पूल ओलांडताना त्याने विचारलं.

"काय?"

"पिशवीवाला माणूस शेजारी."

"घोरणारा चालला की."

तो हसला. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसला, आणि मग आम्हा दोघांनाही थांबवेना. मागचा दुधाचा टँकर भोंगा वाजवत राहिला, मी पुलावर वीसच्या वेगाने हसत चालले होते.

घरी त्याची थोरली बहीण युए-शिया ताई आधीच येऊन बसली होती, मटनाचं औषधी सूप घेऊन. तिला मी फोन केला नव्हता, पण आमच्या गल्लीत बातमी आमच्या ट्रकच्या आधी पोचते.

"राखायचं," तिने सूप ओतता ओतता निकाल दिला. "यात विचार कसला? आईबापाने दिलेलं शरीर आहे. भोक पाडून घ्यायचं पोटाला, आणि देवाने दिलेलं आहे ते बुजवायचं?"

"ताई, डॉक्टर म्हणाल्या की त्यातही त्रास आहे," मी म्हणाले.

"त्रास सगळ्यातच असतो. मी या वयात गुडघे वाकवते त्यात नाही का?" मग त्याच्याकडे वळून, "आणि तू गप्प का? पन्नास माणसांचे आवाज काढतोस, स्वतःचा एक निघत नाही?"

"उद्या देवाला विचारू," अ-बिंग सूप पीत म्हणाला. मला वाटतं, बहिणीला गप्प करायला एवढाच उपाय त्याला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात. कौल लावायचे आमच्याकडे दोन लाकडी ठोकळे असतात, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही पालथे, तर नाही. दोन्ही उताणे पडून डुलायला लागले, तर देव हसला.

ताईने उदबत्त्या लावल्या आणि आधी नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं सांगितलं. पत्ता नीट सांगावा लागतो. आमच्या गावात अर्धे लोक लिआव आहेत, नाहीतर कौल भलत्याच घरी जायचा. मग डोळे मिटून म्हणाली, "देवा, माझ्या भावाने राखायचं ऑपरेशन करावं की पिशवीचं?"

ठोकळे पडले. दोन्ही उताणे. डुलत राहिले.

तिने पुन्हा टाकले. पुन्हा हसला.

देवळाचं बघणारे तिंग काका खांबाला टेकून कलिंगडाच्या बिया सोलत होते. "युए-शिया, त्याला हो म्हणता येतं नाहीतर नाही म्हणता येतं. 'हे की ते' विचारलंस तर तो बिचारा काय करणार?"

"कळतं मला. घाईत होते."

"चाळीस वर्षं कौल लावतेस."

"काका, बिया खा."

मग तिने एकेक विचारलं. राखायचं करावं का? देव हसला. बरं, पिशवीचं करावं का? देव हसला. तिचा चेहरा लाल झाला. काकांनी बिया बाजूला ठेवल्या. "दोन्हीला हसतोय म्हणजे प्रश्न दुसराच आहे. ज्याचं पोट आहे त्याला टाकू दे."

अ-बिंगने ठोकळे उचलले. ठोकळे हातात फिरवत राहिला, बाहुलीचं डोकं फिरवतो तसे. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. शर्ट खांद्यावर लोंबत होता, तेवढं वजन गेलं होतं.

"पुढच्या वाढदिवसाला," तो म्हणाला, आणि ठोकळे कपाळाला लावून पुन्हा सुरुवात केली, "पुढच्या वाढदिवसाला मी तुझ्यापुढे सुरुवातीचा खेळ करीन का? पुरा. न तुटता."

एक उताणा, एक पालथा.

तीनदा लागोपाठ यावा लागतो तेव्हा तो पक्का धरतात. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा एक ठोकळा गडगडत नैवेद्याच्या टेबलाखाली गेला आणि आम्ही चौघं, काकांसकट, गुडघ्यांवर. पालथा होता. बाहेरचा उताणा. मी टेबलावर डोकं आपटून घेतलं आणि मला लागलंही नाही.

"अरे पण कुठल्या ऑपरेशनने?" ताई जमिनीवरूनच म्हणाली.

"ते बघणं आपल्याकडे," अ-बिंग म्हणाला. त्याचे डोळे असे चमकत होते की मला जरा भीतीच वाटली. मग तो माझ्याकडे वळला. "ची-युन, घंटा काढ. खेळ लावू."

दुपारी अंगणात रंगमंच उभा केला. धूळ झटकली, आठ अमरांना पेटीतून काढलं. लंगड्याची काठी सापडेना, मी चॉपस्टिक दिली. योजना त्याचीच होती. आधी राखायच्या ऑपरेशनची परीक्षा. तो खेळ सुरू करणार, मी मनाला येईल तेव्हा घंटा वाजवायची. घंटा झाली की हातातलं टाकून त्याने अंगणापलीकडच्या संडासाच्या दाराला हात लावून यायचं. डॉक्टर म्हणाल्या तसं: कधी बराच वेळ काही नाही, कधी पाठोपाठ.

पहिला अमर आला, पंखा हलवला. दुसरा आला. मी घंटा वाजवली. अ-बिंग धावला. खेळ तुटला, पुन्हा पहिल्यापासून. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, घंटा. पुन्हा पहिला. पुन्हा घंटा, लगेच आणखी एक. तो दारापासून निघून परत दाराकडे वळला, चप्पल एकीकडे, स्वतः एकीकडे. शेजारची मंडळी भिंतीवरून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, हा कुठला नवा खेळ? अ-बिंग धावता धावता ओरडला, "विनोदी आहे, बसा."

दुपारभर आठ अमर येतच राहिले. आशीर्वाद कुणी दिलाच नाही.

"तू मुद्दाम करतेस," ताई माझ्या हातातली घंटेची काठी हिसकावत म्हणाली. "इतकं थोडंच होतं कुणाला. दे इकडे, मी वाजवते."

तिने काठी घेतली आणि वाजवेचना. पहिला अमर आला, तिसरा आला, पाचवा आला. अ-बिंगचा आवाज कसा चढत गेला होता, म्हातारा अमर बोलायला लागला तेव्हा भिंतीवरचे लोक गप्प झाले. ताई काठी छातीशी धरून बसली होती. सहावा. सातवा.

रंगमंचामागून आवाज आला. त्याचा स्वतःचा. "ताई, मार."

"चांगलं चाललंय."

"मार गं. पोट म्हणजे काही सख्खी बहीण नव्हे."

तिने काठी छातीवरून खाली घेतली. मग तिने घंटा वाजवली, अगदी हलकी, आणि काठी माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला. मी आत गेले नाही. काही वेळा माणसाला नळ पुरतो.

दुसऱ्या दिवशी पिशवी. मी पातळ पेज करून निववली, भरली, सिस्टर फाननी लावलेल्या कागदाच्या जागी चिकटवली. अ-बिंग तिच्याकडे बघत उभा राहिला. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, मला ती आवडली नाही. त्याच्या पोटावर एक तीळ आहे, तो झाकला गेला.

"कसं वाटतंय?"

"कुणीतरी खिशात हात घालून उभं आहे असं."

खेळ सुरू झाला. मी ढोल धरला, आणि घंटा फक्त तिच्या हक्काच्या जागी. आठही आले. एका दमात. आशीर्वाद झाला, सोन्याच्या कागदाची फुलं उधळली, भिंतीवरून टाळ्या आल्या, आणि त्याच क्षणी अ-बिंगच्या पँटमधून पेज खाली चपलेत उतरली.

ताई आज जरा लांब बसली होती. ती उठली. "बघ. बघितलंस? भर देवापुढे हे होणार."

अ-बिंग स्वतःच्या पायाकडे बघत होता. मला वाटलं आता हा खचला. आणि तो खाली वाकला, रंगमंचाची पुढची फळी चाचपली, मग स्वतःचं पोट, मग पुन्हा फळी. हात वर केले, पुढे झुकला, तसाच थांबला.

"फळी दाबते," तो म्हणाला. "हात वर गेले की मी फळीवर रेलतो. बाबाही खेळ करताना असेच रेलायचे. नेमकी तिथेच पिशवी." तो सरळ झाला. "ऑपरेशन चुकलं नाही. जागा चुकली. चार बोटं वर पाहिजे. ची-युन, फळी ट्रकमध्ये टाक."

"फळी?"

"आणि दोन अमर घे. उद्याच जाऊ, आठवडा कशाला थांबायचं."

ताई तशीच घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ट्रकमध्ये माझ्या आधी बसली होती, फळीचं एक टोक मांडीवर घेऊन.

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये फळी आडवी मावेना, उभी केली. सिस्टर फान दारात थांबून आमच्याकडे बघत राहिल्या. "लोक कंबरेचा पट्टा घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "एकदा एक कोळी तेलकापडी विजार घेऊन आला होता. फळी पहिल्यांदाच." आणि त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी तपासणीचं टेबल स्वतः ढकललं. दोन खुर्च्यांच्या पाठींवर फळी बांधली. डॉक्टर वेईंना बोलावलं.

डॉक्टरांनी आमची सगळी हकिगत ऐकली. संडासाच्या दाराची ऐकून मान खाली घालून हसल्या. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"लिआव मास्तर, एक सांगते. मागच्या महिन्यात तुमच्याच वयाच्या एका बाईंनी दुसरं निवडलं. घरात असतात, संडास जवळ आहे, आणि पोटावर काही नको होतं त्यांना. त्यांचंही बरोबर आहे. तुम्ही पिशवी निवडलीत तर मागे फिरता येणार नाही. खालची जखम भरायला महिने लागतात, बसणं अवघड जातं. आणि तिथल्या नसा..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नवरा-बायकोतल्या गोष्टींवरही परिणाम होऊ शकतो. दोन्ही ऑपरेशनांत, पण यात जरा जास्त."

ताई खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी म्हणाले, "ते आमचं आम्ही बघू." माझे कान तापले होते. अ-बिंगने न बघता माझी करंगळी पकडली.

"आणि पोटातला वारा सुटला तर आवळता येत नाही," सिस्टर फान म्हणाल्या. "आवाज होतो. तुमच्या तोंडापाशी माईक असतो ना?"

"असतो," तो गंभीरपणे म्हणाला. "लंगड्या अमराच्या तोंडी घालीन. तो दारूच पितो."

ताईच्या पाठीला हसू आलं. तिने वळून बघितलं नाही, पण खांदे हलत होते.

सिस्टरनी आणखीही सांगितलं. काही लोक सकाळी पोटावरच्या तोंडातून पाणी घालून आतडं धुऊन घेतात, मग पुढे बराच वेळ फारसं काही येत नाही. सगळ्यांना जमत नाही, पण खेळाच्या दिवशी करून बघण्यासारखं आहे. अ-बिंगने ते पुन्हा विचारून घेतलं, पाणी कोमट की गार, किती वेळ लागतो, उभ्याने की बसून. तीन दिवसांपूर्वी या इमारतीत ज्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, तो आता सिस्टरना उसंत देत नव्हता.

"बरं, आता उभे राहा," त्या म्हणाल्या. "नेहमी राहता तसे. मला पोटाच्या घड्या बघायच्या आहेत, आणि फळी कुठे लागते ते."

तो फळीमागे उभा राहिला. शर्ट वर खोचला. दोन्ही हातांत अमर घातले आणि हात वर केले. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, बेंबीच्या डावीकडे, जरा वर, बोटांनी स्नायू चाचपत राहिल्या. "खोकून दाखवा. आता झुका. अजून. हं, इथे फळी लागत नाही. वाकल्यावर घडी पडत नाही. तुम्हाला दिसते का ही जागा?"

"दिसते."

"हात खाली गेले तर जागा सरकेल. थोडं काही करत राहा ना."

आता त्याला असं सांगायचं म्हणजे काय. त्याने सुरुवात केली. पंखेवाला अमर आला, त्याचा घोगरा आवाज खोलीत भरला, मग बासरीवाला. दोनच बाहुल्या, म्हणून तो हातातल्यांनाच पुढचे सहा करत राहिला, नुसत्या आवाजाने आणि मानेच्या झटक्याने. बाहेर बसलेले लोक दारात आले. एका आजीच्या हातात सलाईनचा खांब होता, तीही आली. सिस्टर फाननी पेनाने गोल काढला, आत टिंब दिलं, वर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, "झालं, मास्तर. थांबलात तरी चालेल."

तो थांबला नाही. सहावा अमर बोलत होता. डॉक्टर वेई घड्याळाकडे बघून उठल्या होत्या, बाहेर त्यांची रांग खोळंबली होती. ताई त्यांच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "डॉक्टर, मध्ये तुटलं तर परत पहिल्यापासून करतो तो."

डॉक्टर उभ्याच राहिल्या.

सातवा आला. शेवटी अमर बाई आली. झांजा नव्हत्या, मी तोंडाने वाजवल्या. आशीर्वाद झाला, आयुष्य, धान्य, लेकरं, सगळं रीतसर. मग अ-बिंगने हात खाली घेतले, अमरांना काढून फळीवर नीट बसवलं, शर्ट खाली केला. कपाळावर घाम होता.

"तारीख द्या," तो डॉक्टरांना म्हणाला. "वाढदिवस वसंतात असतो. त्याआधी मला तालमीला वेळ हवा."